तेहतिसावा शिक्का

मला फक्त एक शिक्का आणायचा होता. वडिलांच्या वहीत, तेहतिसाव्या पानावर, कान्नोनच्या देवळाचा एक लाल शिक्का आणि त्यावर काळ्या शाईने ओढलेल्या तीन ओळी. एवढंच काम. माझ्या अंदाजाने जायला दीड तास, यायला दीड तास आणि मधे दहा मिनिटं. मी अठ्ठावीस वर्षं ओत्सू शहरातल्या एका ग्रंथालयात नोकरी करते. पुस्तक कुठल्या फडताळावर आहे हे कळलं, की ते हातात यायला किती वेळ लागेल हे मी डोळे मिटून सांगू शकते. तो अंदाज माणसांना लावू नये, एवढं शहाणपण मला त्या शनिवारी आलं.

वही बाबांची. आमच्या शहराला लागून असलेल्या सरोवराच्या उत्तरेला खेड्यापाड्यांत कान्नोनची, म्हणजे करुणेच्या देवतेची, तेहतीस जुनी देवळं विखुरलेली आहेत. बाबांनी पहिल्या देवळाचा शिक्का घेतला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि गाडीत मागच्या सीटवर मला उलटी झाली होती. ते पाणीपुरवठा खात्यात होते. सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी कुठे नळ फुटला तर तीही नाही. त्यामुळे एखाद्या देवळाला कधी वर्ष लागे, कधी तीन. पंचेचाळीस वर्षांत बत्तीस झाली. तेहतिसावं राहिलं आणि बाबा गेले.

खरं म्हणजे ही वही माणसाबरोबर शवपेटीतच जायची. पुढच्या वाटेवर दाखवायला बरी पडते म्हणतात. पण दहनगृहाकडून छापील सूचना येतात. पेटीत काच, धातू, कलिंगड आणि जाड पुस्तकं ठेवू नयेत. मी सूचना वाचणारी बाई आहे. बाबांचा चष्मा मी काढून घेतला आणि नुसतं चष्म्याचं घर पेटीत ठेवलं. कलिंगडाचा प्रश्न नव्हता. वही ‘जाड पुस्तक’ ठरते का, हे कुणाला तरी विचारायचं मी ठरवलं आणि त्या गडबडीत विसरून गेले. एका ग्रंथपालाच्या हातून हे झालं. यावर जास्त बोलत नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी आईला ती वही देवघराच्या खणात सापडली.

“हिसाए, हे बघ.”

“बाबांची वही.”

“शेवटचं पान कोरं आहे.”

“हो.”

“हो काय? असं अर्धवट घेऊन जातील ते? वर विचारलं तर काय सांगतील?”

“वर कोण विचारतंय, आई?”

“तुला काय माहीत? तू जाऊन आलीस?”

रविवारी एकोणपन्नासावा दिवस; तोवर माणूस अधेमधेच असतो, मग पुढे जातो म्हणतात. त्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवायच्या, आणि वही सोबत. आईचं म्हणणं साधं होतं. शनिवारपर्यंत ते पान भरलेलं पाहिजे. तिचे गुडघे तिला फाटकापर्यंतही नेत नाहीत, त्यामुळे कुणी जायचं हा प्रश्नच नव्हता. ती काही रडली वगैरे नाही. वही माझ्यासमोर ठेवून ती भात लावायला गेली. आमच्या घरी हुकूम असेच निघतात.

बातमी शेजारच्या नोझुए काकूंपर्यंत कशी पोचली ठाऊक नाही, पण शुक्रवारी सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला मी बाहेर आले तर त्या माझ्यासाठीच उभ्या होत्या.

“रिकाम्या हाताने जाऊ नकोस हं.”

“काकू, मी शिक्का आणायला जातेय.”

“म्हणूनच सांगते. मिठाईचा खोका ने. फार मोठा नको, त्यांना परतफेडीचं ओझं होतं. लहानही नको, तुझ्या आईचं नाव जातं.”

“मग?”

“मधला. आणि कागद कुठला लावणार? तुम्ही सुतकात. लाल दोरीचा चालायचा नाही. पण पांढऱ्या-काळ्या दोरीचा नेलास तर त्यांना वाटेल त्यांच्याकडेच कुणी गेलं.”

आतून काकांचा आवाज आला. “हल्ली पोस्टाने मागवतात म्हणे शिक्के!”

“तुम्ही गप्प बसा,” काकू वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या. “यांचं चाललं तर हे अंघोळही पोस्टाने मागवतील.”

शेवटी मी साध्या राखी कागदातला मधल्या आकाराचा खोका घेतला. एक. ही चूक पुढे मला फार महागात पडली.

देवळाला जायच्या आधी फोन करावा म्हणून मी तिथल्या माहिती केंद्राला फोन लावला. बाई फार गोड बोलत होत्या. मिझोबेच्या, म्हणजे तेहतिसाव्या, देवळात पुरोहित नसतात, म्हणाल्या. गावकरीच पाळीपाळीने देऊळ सांभाळतात. ज्याची पाळी त्याच्याकडे किल्ली.

“सध्या कुणाची पाळी आहे?”

“ते देवळाच्या दारावर पाटीवर लिहिलेलं असतं.”

“म्हणजे देवळात गेल्यावर कळेल, कुणाला फोन करायचा ते?”

“बरोबर.”

“आणि फोन केव्हा करायचा?”

“येण्याआधी केलेला केव्हाही बरा.”

मी आभार मानले. त्यांनीही मानले. आम्ही दोघी एकमेकींचे आभार मानत राहिलो आणि कुणी आधी फोन ठेवायचा हे ठरेना. शेवटी मी ठेवला, आणि उगाच दिवसभर उद्धट वाटत राहिलं.

शनिवारी बाबांची छोटी पांढरी गाडी घेऊन मी निघाले. सरोवराच्या कडेने जाताना डावीकडे पाणी आणि उजवीकडे कापलेली भातशेतं. या रस्त्यावरून मी लहानपणी बाबांबरोबर इतक्यांदा गेले होते, की कुठल्या वळणावर ते थर्मास मागायचे आणि कुठल्या पुलावर “आता भूक लागली म्हणायला हरकत नाही” म्हणायचे, हे मला अजून पाठ होतं. त्या पुलावर मी गाडी थांबवली नाही. वेळ कमी होता, असं मी स्वतःला सांगितलं.

मिझोबेला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. देऊळ म्हणजे देवदाराच्या झाडांखाली एक जुनं लाकडी घर, बंद दारांचं. दारावर खरंच पाटी होती. ‘पाळी : कावाझोए’, आणि खाली नंबर. मी फोन लावला. पलीकडच्या घरातून, उघड्या खिडकीतून, घंटी ऐकू आली. मी दारात उभी राहून माझाच फोन वाजताना ऐकत होते. बारा वेळा वाजला. मग कुंपणामागून एक बाई डोकावल्या.

“तो उचलायचा नाही. ओढ्यावर मुळे धुतोय.”

कावाझोए आजोबा गुडघाभर रबरी बुटात, थंडगार पाण्यात वाकून मुळ्यांना अंघोळ घालत होते. मी बांधावर उभी राहून नमस्कार केला, शिक्क्यासाठी आल्याचं सांगितलं, आणि खोका पुढे केला. ते तीनदा नको म्हणाले. मी तीनदा घ्याच म्हणाले. हे सगळं यथासांग पार पडल्यावर त्यांनी हात पुसून खोका घेतला आणि म्हणाले, “पण किल्ली माझ्याकडे नाही.”

हे आधी विचारायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण आमच्याकडे आधी खोका, मग काम. काम सांगून खोका दिला तर लाच दिल्यासारखं, काम झाल्यावर दिला तर मजुरी दिल्यासारखं. म्हणून खोका पहिल्यांदा जातो, आणि तो एकदा गेला की परत मागता येत नाही.

“पाटीवर तुमचं नाव आहे,” मी म्हणाले.

“असणारच. पाळी या महिन्यापासून नोसेची. पाटी बदलायचं काम नव्या पाळीवाल्याचं. पण नोसे आहे बुटका. त्याचा हात त्या खिळ्यापर्यंत जात नाही.”

“तुम्ही नाही का बदलून दिली?”

“मी कशी बदलू?” ते खरोखर दुखावले. “माझी पाळी संपली ना.”

मला त्यांनी रिकामं जाऊ दिलं नाही. पाल्यासकट आठ मुळे, प्रत्येक माझ्या हाताएवढा, पुढच्या सीटवर त्यांनी स्वतः आणून ठेवले. सीटचा पट्टाही लावला.

आता नोसेंच्या घरी जायचं तर हात रिकामे. गावात दुकान एकच, आणि ते शनिवारी बंद. मी गाडीत बसून पाच मिनिटं विचार केला. आयुष्यभर चांगली पुस्तकं वाचूनही अशा प्रसंगी मदतीला एकही वाक्य आठवत नाही. शेवटी मी चार मुळे उचलले.

नोसे आजोबा खरंच बुटके होते, आणि त्यांना पाहुणा आल्याचा इतका आनंद झाला की मुळ्यांकडे त्यांनी नीट पाहिलं नाही. आत बसवलं, चहा दिला, लोणचं दिलं. मग मुळ्यांकडे पाहिलं.

“कावाझोएचे.”

“ओत्सूहून मी… म्हणजे…”

“कावाझोएचेच. त्याचे असेच वाकडे येतात. जमिनीत दगड आहेत ना.”

माझे कान तापले. ते मात्र उदारपणे म्हणाले, “असू दे. भाजी ती भाजी.” आणि किल्ली दाखवली. वीतभर लांब, लोखंडी, लाल गोंडा बांधलेली. मी उठायला लागले.

“पण शिक्का माझ्याकडे नाही,” नोसे म्हणाले.

“तो कुणाकडे?”

“त्सुजी आजीकडे. किल्ली आणि शिक्का एका घरात ठेवायचा नाही असा ठराव आहे गावाचा.”

“का?”

हे विचारायला नको होतं. या ठरावामागे एक मोठी हकिकत होती, तिच्यात एक मेव्हणा होता, एक सायकल होती आणि पुराचं पाणी होतं, आणि ती हकिकत संपायला सव्वा तास लागला. मधे दुपारचं जेवण झालं, कारण वेळ जेवणाची होती आणि नको म्हणणं शक्य नव्हतं. किल्ली घेऊन तेही बरोबर निघाले, आणि निघताना त्यांनी पर्सिमॉनची पिशवी दिली. अंगणातल्या झाडाची, नारिंगी, दिसायला देखणी फळं. मी ती थेट त्सुजी आजींकडे नेली. आता मी या धंद्यात मुरले होते.

त्सुजी आजी एक्याण्णव वर्षांच्या. त्यांच्याएवढं सुंदर अक्षर साऱ्या पंचक्रोशीत कुणाचं नाही, असं नोसे रस्ताभर सांगत होते. आजींनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“नोसेची आहेत. तुरट.”

“तुरट नाहीत!” माझ्या मागून नोसे म्हणाले.

“पन्नास वर्षं तुरट आहेत. याची बायको बिचारी तोंड वाकडं न करता खायची. संत होती.” मग माझ्याकडे वळून, “शिक्का हवा? देईन. पण चार वाजता माझी कुस्ती आहे.”

मी त्यांच्याकडे, त्यांच्या काठीकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बोट करून त्या म्हणाल्या, “आज आमच्या भागातल्या पोराची लढत आहे. ती मी चुकवायची नाही.”

तेव्हा अडीच वाजले होते. मला वाटलं, वेळ भरपूर आहे. पण आजींना कपडे बदलायचे होते. कान्नोनपुढे स्वयंपाकघरातल्या कपड्यांत कसं जायचं? मग केस. मग शाई उगाळायची, कारण बाटलीतली शाई त्या लावत नाहीत. मग एक चांगला मोजा सापडेना. मला त्यांनी लोणच्याची बरणी दिली. मुळ्याचं होतं. कुणाच्या मुळ्यांचं, ते मी विचारलं नाही.

देवळापाशी पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते, आणि तिथे कावाझोए आजोबा उभे होते. बूट बदलून, केस ओले करून विंचरलेले.

“खोका घेतला आणि तुमचं काम केलं नाही,” ते म्हणाले. “मनाला लागलं.”

नोसेंनी कुलूप उघडलं. आत लाकडाचा आणि धुपाचा जुना वास होता. मोठ्या कपाटाची दारं दोघांनी दोन बाजूंनी ओढली, आणि कान्नोन समोर आली.

पुस्तकांत तिला अवलोकितेश्वर म्हणतात. पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. मिझोबेत तिला ‘आमची कान्नोन-सान’ म्हणतात, आणि ती खरोखर कुणाच्या तरी घरातली दिसत होती. माणसाएवढी उंच, झिजलेल्या लाकडाची, एका हाताची बोटं नाहीत, गालाला एक तडा. मी हात जोडले. मनात मात्र घड्याळ होतं.

नोसे बाजूला उभे राहिले, घसा साफ केला, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. हजार वर्षांपूर्वी कुणी घडवली, मग युद्धं आली, वरच्या डोंगरावरची देवळं जळाली, मग या गावच्या लोकांनी रात्रीत कान्नोनला खांद्यावर घेऊन भाताच्या शेतात चिखलाखाली पुरली…

“अच्छा,” मी सभ्यपणे म्हणाले.

नोसे थांबले. डोळे मिटले. मग पुन्हा, “हजार वर्षांपूर्वी…”

“मधे बोलू नका,” कावाझोए माझ्या कानात म्हणाले. “त्याला मधून सुरुवात करता येत नाही.”

दुसऱ्यांदा मी ओठ घट्ट मिटून ऐकलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं. शेवटी नोसे म्हणाले, “काही शंका असल्यास विचाराव्यात.” मी घाईने नाही म्हणाले. साडेतीन वाजून गेले होते.

आजींनी बुटकं मेज ओढून घेतलं, शाई मांडली, आणि वही उघडली. कोऱ्या पानावर जातील असं मला वाटलं. पण त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

“हे हात ओळखीचे आहेत,” त्या म्हणाल्या. “हा वरच्या गावचा धाकटा भाऊ. फार प्यायचा. बघ, ओळ खाली उतरत जाते. गेला. ही त्याची वहिनी. ही कधी प्यायली नाही, ओळ कशी सरळ. तीही गेली. हा कोण? हां, हा शाळेतला मास्तर, दर अक्षराला पूर्णविराम दिल्यासारखा थांबायचा…”

त्या माणसं ओळखत होत्या आणि मी दिवस. खाली उतरणाऱ्या ओळीच्या दिवशी पाऊस होता आणि बाबांनी त्यांचा कोट माझ्या डोक्यावर धरला होता. वहिनीच्या पानाच्या दिवशी आम्ही बांधावर बसून भाताचे गोळे खाल्ले आणि माझा एक गडगडत ओढ्यात गेला. मास्तरांच्या पानाच्या वेळी मी सोळा वर्षांची होते आणि सबंध रस्ता बाबांशी बोलले नव्हते. का, ते आता आठवत नाही. नुसतं न बोलणं आठवतं. पुढच्या काही पानांवर मी नव्हतेच. तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि रविवारी मला इतर कामं असत.

“छान वही आहे,” आजी म्हणाल्या. “कुणाची?”

“वडिलांची.”

“मग ते कुठे आहेत? गाडीत का बसवून ठेवलंस त्यांना? बोलाव की आत.”

“ते वारले.”

आजींनी हातात घेतलेला कुंचला परत शाईच्या दगडावर ठेवला.

“मग मी लिहायची नाही.”

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. “आजी, फक्त एकच पान राहिलंय. उद्या त्यांच्या अस्थींबरोबर ही वही…”

“पोरी, हा शिक्का म्हणजे कुणी मागवलेली वस्तू नाही. जो आला, ज्याने हात जोडले, त्याला तो. मी एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याच्या ड्रायव्हरला परत पाठवलंय. साहेब कामात आहेत म्हणाला. मी म्हटलं, कान्नोन मोकळीच असते, साहेबांना सवड झाली की या म्हणावं.”

“पण साहेब येऊ शकत होते. बाबा…”

“हं,” आजी म्हणाल्या. “तेच तर.”

मी मान खाली घातली. कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी कुणापुढे एवढी वाकले नव्हते, आणि वाकल्यावर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत होतं. ती काही बोलणार नाही. वही पुन्हा खणात ठेवील आणि भात लावायला जाईल. ते मला बघवणार नव्हतं.

“कधी गेले?” कावाझोएंनी विचारलं.

“सोमवारी. सहा ऑक्टोबरला. आज अठ्ठेचाळिसावा दिवस.”

“म्हणजे उद्या एकोणपन्नासावा,” कावाझोए सावकाश म्हणाले. “म्हणजे अजून गेले नाहीत की ते. अजून अधेमधेच आहेत.”

“अठ्ठेचाळिसावा कसा?” नोसे मधे पडले. “आमच्याकडे आदल्या दिवसापासून मोजतात. पाच तारखेपासून. आजच एकोणपन्नासावा.”

“आदला दिवस कशाला? आदल्या दिवशी माणूस जिवंत होता!”

“आमच्या आजोबांपासून आदला दिवस मोजतात.”

“तुझ्या आजोबांना मोजता येत नव्हतं. म्हणून तर बांधाचा वाद झाला.”

दोघे बोटांवर मोजायला लागले. एकमेकांची बोटं धरून मोजायला लागले. माझं कपाळ अजून चटईवर होतं, आणि माझे वडील या जगात आहेत की नाहीत हे दोन म्हातारे माझ्या डोक्यावर ठरवत होते.

“थांबा,” त्सुजी आजी म्हणाल्या. दोघे थांबले. “आज एकोणपन्नासावा धरला, तरी दिवस अजून मावळलेला नाही. मावळायला अजून तास आहे. अठ्ठेचाळिसावा धरला तर प्रश्नच नाही. कसंही मोजा, माणूस अजून इथेच आहे.” मग मला, “ऊठ पोरी. त्यांची गाडी कुठली?”

“बाहेरची. पांढरी.”

“त्यांचीच ना? मग ते आणखी कशाने येणार! त्यांच्याच गाडीतून आले.” त्यांनी नोसेंना हाक मारली. “नोंदवही आण. आज किती माणसं आली लिहिलंयस?”

“एक.”

“दोन कर.”

नोसेंनी एकावर रेघ मारून दोन लिहिलं, आणि शेजारी आपलं नाव लिहिलं, खाडाखोड नियमाप्रमाणे केल्याची खूण म्हणून.

“पण आजी,” ते म्हणाले, “दर्शन या बाईंनी घेतलं. यांच्या वडिलांना मी काही सांगितलंच नाही.”

“मग सांग की.”

“तुमची कुस्ती…”

“जिंकेल नाहीतर हरेल. मी काय टीव्हीतून हात देणार आहे? सांग.”

मी उठून कान्नोनसमोर बसले. कावाझोएंनी उशीचं एक बसकं आणून माझ्या डावीकडे ठेवलं, सरळ केलं, आणि जरा मागे सरकले. नोसेंनी घसा साफ केला. या वेळी ते बसक्याकडे बघून बोलले, आणि जास्त आदराने बोलले, मोठ्या माणसाशी बोलावं तसं. हजार वर्षांपूर्वी कुणी घडवली. मग युद्धं आली. मग गावच्या लोकांनी तिला खांद्यावर घेतलं आणि भाताच्या शेतात चिखलाखाली पुरली, आणि वर नेहमीसारखी लावणी केली, आणि सैनिक त्या शेताच्या बांधावरून चालत गेले तरी कुणी तोंड उघडलं नाही. बोटं तेव्हाच गेली. या वेळी मी ऐकलं. घड्याळ कुठे होतं कुणास ठाऊक.

“काही शंका असल्यास विचाराव्यात,” नोसे म्हणाले.

सगळे बसक्याकडे बघत थांबले.

बाबा प्रत्येक देवळात विचारत. पाया किती खोल, ओढ्याला पाणी कुठून येतं, पुरात चौथऱ्यापर्यंत चढतं का. सांगणारा कंटाळेपर्यंत विचारत. मोठी झाल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. ते “एक विचारू का” म्हणाले, की मी बूट घालून बाहेर जाऊन उभी राहायची. आत काय चाललं असेल ते मला ठाऊक असायचं, तरी मी बाहेरच राहायची.

कावाझोएंना खोकला आला. आजींनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

“घाई नाही,” नोसे बसक्याला म्हणाले. “सावकाश विचारा.”

मी बसक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “एक विचारू का? किती खोल पुरली होती?”

नोसेंच्या पाठांतरात ते नव्हतं.

“चार फूट,” ते शेवटी म्हणाले.

“कसले चार!” कावाझोए म्हणाले. “चार फुटांवर तिथे पाणी लागतं. ती वाहून नसती गेली? दोन असेल.”

“दोन फुटांवर नांगर लागेल!”

“आडवी पुरली असेल.”

“कान्नोनला आडवी? तोंड धू!”

“पाणी कुठून लागतं?” मी विचारलं. “ओढ्याचं की झऱ्याचं?”

मग तर विचारूच नका. दोघे उठून दारात गेले आणि हात लांब करकरून शेतं दाखवायला लागले. नोसेंचं म्हणणं शेत ते, कावाझोएंचं म्हणणं त्याच्या पलीकडचं. आजींनी मान वर न करता शिक्का दाबला, कुंचला बुडवून तीन ओळी ओढल्या आणि तेहतिसाव्या पानावर आजची तारीख घातली. मग वही माझ्याकडे न देता तशीच उघडी डावीकडे बसक्यासमोर सरकवली, शाई वाळायला.

बाहेर ऊन देवदारांच्या बुंध्यांपर्यंत उतरलं होतं. घरी आई वाट बघत असणार. पण उत्तर मिळाल्याशिवाय बाबा कुठल्याही देवळातून हललेले नाहीत. मीही हलले नाही.